जुनी गाडी, नवे सुटे भाग : कर उतरला, पण पक्के बिल घेतले का?



सोयाबीन विकले, कपाशीचा पहिला-दुसरा वेचा घरी आला की आपल्या वर्धा जिल्ह्यात एक नवा हंगाम सुरू होतो. तो म्हणजे जुनी गाडी घेण्याचा हंगाम. देवळी, सेलू, आर्वी, समुद्रपूर, कोणत्याही तालुक्यातल्या गावात जा. जिथे पूर्वी बंडी उभी असायची, तिथे आज दहा-बारा वर्षे वापरलेली लहान कार नाहीतर जीप उभी दिसते. ती हौसेची वस्तू राहिलेली नाही. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेणे, लेकीला परीक्षेला सोडणे, फवारणीचा पंप दुरुस्तीला नेणे, सगळे त्याच गाडीवर. गावातली गाडी एकट्या मालकाची नसतेच. रात्री-बेरात्री ती सगळ्या आळीची असते.

गाडी घेताना आपण पुष्कळ पाहतो. आरसी बुक पाहतो, टायर पाहतो, बॉनेट उघडून आवाज ऐकतो, चार माणसे सोबत नेतो. पण घेतल्यानंतर तिच्यात जे सुटे भाग घालावे लागतात, त्यांची खरेदी मात्र डोळे मिटून करतो. मिस्त्री म्हणेल ते, दुकानदार देईल ते. मागच्या दीड-दोन वर्षांत या सुट्या भागांच्या बाबतीत काही महत्त्वाचे बदल झाले आहेत. त्यांचा फायदा आपल्या हातात पडतो की मधेच कुठे जिरतो, ते आज पाहू.

आधी माझीच चूक सांगतो

उपदेश करण्याआधी स्वतःचे सांगितलेले बरे. माझ्याकडेही एक जुनी पेट्रोल गाडी आहे. दोन मालकांनंतर माझ्याकडे आलेली. दोन वर्षांमागे तिच्या रेडिएटरचा वरचा रबरी पाइप फुगलेला दिसला. पाना-पेंचिस चालवण्याची सवय आहे, म्हणून पाइप आणून घरीच बदलायचे ठरवले. दुकानात गेलो. कंपनीचा पाइप बिलासह ४६० रुपये, लोकल पाइप बिनाबिलाचा १८० रुपये. दुकानदार म्हणाला, "साहेब, पाण्याचाच तं पाइप हाय. बिल कायले पायजे?" मलाही ते पटले. १८० रुपये दिले आणि तासाभरात पाइप बसवून मोकळा झालो.

पुढे मे महिन्यात, दुपारी दोनच्या उन्हात, शेजारच्या काकांच्या छातीत दुखू लागले. त्यांना घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्याकडे निघालो. निम्म्या वाटेत बॉनेटमधून वाफ निघाली. पाइप क्लिपपाशी उभा चिरला होता. सगळे पाणी रस्त्यावर. काका मागच्या सीटवर घामाने भिजलेले, काकू पदराने वारा घालताहेत आणि मी रस्त्यात हात करत उभा. एका दुधाच्या टेम्पोवाल्याने आम्हाला घेतले. काका वाचले, पण त्यात माझे काही कर्तृत्व नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदाराने सरळ विचारले, "बिल हाय का जी?" बिल नव्हते. पाइपावर कोणाचे नाव नव्हते, नंबर नव्हता. दर जूनमध्ये गावोगावी "बियाण्याची पक्की पावती घ्या" म्हणून सांगत फिरणारा मी, माझ्याच हातात पावती नव्हती. २८० रुपये वाचवले होते. ते कुणाच्या जिवावर वाचवले, हे त्या दिवशी रस्त्यात कळले.

कर किती उतरला?

आता बदलांकडे वळू. पहिला बदल जीएसटीचा. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत दर बदलले आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ते लागू झाले. मोटारगाडीचे जे सुटे भाग, टायर आणि बॅटऱ्या २८ टक्क्यांत होत्या, त्या १८ टक्क्यांत आल्या. ट्रॅक्टरला तर अधिक सूट मिळाली. ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टरचे मागचे टायर-ट्यूब, क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स, रेडिएटर, सायलेन्सर, हायड्रॉलिक पंप अशा ठरावीक भागांवरचा कर १८ वरून थेट ५ टक्क्यांवर आला.

हिशेब सोपा आहे. गाडीच्या एखाद्या भागाची करापूर्वीची किंमत १,००० रुपये धरा. पूर्वी तो १,२८० रुपयांना पडायचा, आता १,१८० रुपयांना पडायला हवा. ट्रॅक्टरचा तेवढ्याच किमतीचा भाग पूर्वी १,१८० रुपयांना होता, तो आता १,०५० ला पडायला हवा. ४,००० रुपये मूळ किमतीच्या बॅटरीवर ४०० रुपये वाचतात.

इथे दोन गैरसमज मला गावोगावी ऐकू येतात. एक म्हणजे, "शेतकऱ्याच्या जीपलाही पाच टक्केच लागते." तसे नाही. पाच टक्के ट्रॅक्टरच्या भागांना. जीपचा ब्रेक असो की कारचा, १८ टक्के. दुसरा म्हणजे, "आता सगळेच स्वस्त झाले." तेही नाही. इंजिन ऑइल आधीही १८ टक्क्यांत होते, आजही तिथेच आहे. तेव्हा ऑइल स्वस्त का झाले नाही म्हणून दुकानदाराशी उगाच भांडू नका. पण कोणी "हा जुना स्टॉक आहे, म्हणून जुनाच कर लागेल" असे म्हटले, तर ते ऐकून घेऊ नका. कर विक्रीच्या दिवशीच्या दराने लागतो, माल कारखान्यातून कधी निघाला त्यावर नाही. जुन्या पाकिटांवर सुधारित किमतीचे स्टिकर लावण्याची सवलत सरकारने कंपन्यांना एवढ्यासाठीच दिली होती.

आता मुख्य मुद्दा. बिनाबिलाच्या मालाचे आकर्षण काय होते? कर वाचतो हे. १,००० रुपयांच्या भागामागे पूर्वी २८० रुपयांचा मोह होता. आता तो १८० वर आला. ट्रॅक्टरच्या भागात तर जेमतेम ५० रुपये उरले. म्हणजे पक्के बिल घेणे आज पूर्वीपेक्षा स्वस्त झाले आहे. कर उतरल्याचा खरा फायदा हा आहे. पण बिल न घेणाऱ्याला तो कुठून मिळणार? त्याला कराचा दर २८ असो की ५, सारखेच. त्याला मिळतो तो दुकानदाराने तोंडी सांगितलेला भाव.

इथेनॉल आणि रबरी नळी

दुसरा बदल पेट्रोलचा आहे, आणि तो आपल्या शेतीशीही जोडलेला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठले गेले. हे इथेनॉल ऊस, मका, तुटका तांदूळ यांपासून होते. मक्याला गिऱ्हाईक मिळाले, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. पण त्याच शेतकऱ्याच्या दारात बारा वर्षांची पेट्रोल कार उभी असेल, तर नाण्याची दुसरी बाजूही त्यालाच पाहावी लागते.

२० टक्के इथेनॉल सोसणारे साहित्य एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत आले. त्याआधीच्या गाड्यांच्या काही रबरी नळ्या, वॉशर आणि गॅस्केट या मिश्रणासाठी बनलेल्या नव्हत्या. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये खुलासा केला, त्यातच म्हटले होते की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटर वापरानंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि तो खर्च मोठा नसतो. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय ठेवावा अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. म्हणजे पंपावर मिळेल तेच भरायचे आहे, तर गाडीच त्याला तयार ठेवली पाहिजे.

म्हणून जुनी पेट्रोल गाडी असणाऱ्यांनी टाकीपासून इंजिनपर्यंतची पेट्रोलची नळी वर्षातून एकदा तरी बोटांनी दाबून पाहावी. नळी चिकट लागली, फुगली, तिच्यावर बारीक भेगा दिसल्या की बदलून टाकावी. नवी नळी घेताना "इथेनॉलची, ई-२० ची" असे स्पष्ट सांगून घ्यावी. पाण्याची साधी नळी पेट्रोलला लावणे म्हणजे आगीला बोलावणे. दुसरे म्हणजे इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस गोठ्यात उभीच राहणार असेल, तर टाकी अगदी रिकामी ठेवू नये. डिझेल जीपवाल्यांना मात्र ही काळजी नाही.

कंपनीचा, त्याच कारखान्याचा की नकली?

दुकानात साधारण तीन प्रकारचा माल असतो. पहिला गाडी कंपनीच्या पाकिटातला. दुसरा, कंपनीला जो कारखाना भाग पुरवतो, त्याच कारखान्याच्या स्वतःच्या नावाच्या पाकिटातला. बॉश, राणे, ल्युकास-टीव्हीएस ही अशी नावे आहेत. हा माल बहुधा पहिल्यापेक्षा स्वस्त असतो आणि दर्जा तोलाचा असतो. घरी काम करणाऱ्याला खरी बचत इथे करता येते. तिसरा माल लोकल किंवा सरळसरळ नकली. लोकल माल निदान स्वतःच्या नावाने विकला जातो. नकली मात्र दुसऱ्याचे नाव चोरतो.

दुसऱ्या प्रकारचा माल आज खुल्या दुकानात दिसतो, त्यामागे एक जुना वाद आहे. गाडी कंपन्या सुटे भाग बाहेरच्या दुकानांना मिळू देत नाहीत, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेली होती. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला. पुरवठादार कारखान्यांना भाग खुल्या बाजारात विकू द्या, आणि गाडी बाहेरच्या मिस्त्रीकडे नेली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही त्या आदेशात होते. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला, पण मुद्दा देशापुढे आला. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आणि मोटारगाड्या ही दोन्ही आहेत. आपली वस्तू आपण दुरुस्त करावी किंवा आपल्या पसंतीच्या मिस्त्रीकडून करून घ्यावी, हा विचार आता सरकारदरबारी मान्य झाला आहे. तो हक्क वापरायचा तर माल ओळखता आला पाहिजे.

ओळखायचा कसा? जसे बियाणे ओळखतो तसेच. जून २०२३ मध्ये वर्ध्याजवळ म्हसाळ्यात बोगस कपाशी बियाण्याचा कारखाना पोलिसांनी उघडकीला आणला, ते आपण विसरलेलो नाही. पाकीट चकचकीत असले म्हणजे आतला माल खरा, असे नसते हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. म्हणून सुटा भाग घेताना एवढे करा :

१. जुना भाग काढून सोबत न्या. "अमक्या गाडीचा फिल्टर द्या" एवढे सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदललेले असतात. आरसीवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष आणि चेसिस नंबर कागदावर लिहून न्या.

२. भागाचा नंबर जुळवा. तो जुन्या भागावर, पाकिटावर आणि बिलावर एकच असला पाहिजे.

३. पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा फोन नंबर पाहा. शुद्धलेखनाच्या चुका, फिकट छपाई, पुन्हा चिकटवलेले तोंड दिसले की परत करा.

४. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टायरवर आयएसआयची खूणही पाहा. "नवाच हाय" म्हणून कित्येक वर्षे गोदामात पडलेला टायर गळ्यात मारून घेऊ नका.

५. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, भागाचा नंबर आणि कराचा दर असावा. बिल आणि रिकामे पाकीट वर्षभर जपून ठेवा, बियाण्याचे ठेवता तसेच.

भंगारातून घ्यावे का? दरवाजा, आरसा, सीट, दिव्याची काच हे पाहून-पारखून घ्यायला हरकत नाही. पण ब्रेक, स्टेअरिंगचे भाग, टायर, बेल्ट आणि कोणतीही रबरी वस्तू भंगारातून कधीच घेऊ नये. आणि इंजिन घ्यायचे झाले तर कागदपत्राशिवाय अजिबात नाही. इंजिन नंबर आरसीवर असतो. चोरीचा माल निघाला तर आरटीओच्या दारात तुम्ही उभे राहाल, भंगारवाला नाही.

घरी काय करावे, काय करू नये

स्वतः काम करण्यात मजुरी वाचते, आणि दुसरे म्हणजे गाडीची ओळख होते. जो शेतकरी ट्रॅक्टरचे ऑइल स्वतः बदलतो, त्याला कारचे जड नाही. ऑइल आणि ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, वायपर, बल्ब, फ्यूज, बॅटरीची टोके साफ करणे, कूलंट भरणे ही कामे गाडीसोबतचे पुस्तक वाचून घरी होतात. पुस्तक हरवले असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. ऑइलचा ग्रेड त्यात लिहिलेला असतो. तोच घ्यावा.

आपल्या भागापुरत्या तीन गोष्टी सांगतो. पांदणीची धूळ आणि हंगामात कपाशीचा तंतू यामुळे आपल्याकडे एअर फिल्टर लवकर कोंदतो. पुस्तकातल्या मुदतीची वाट न पाहता तो मधेमधे काढून पाहा. विहिरीचे, बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. आत क्षार धरतो आणि ऐन मे महिन्यात गाडी तापते. तापते म्हणून काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. तो उपाय नव्हे. तापण्याचे कारण शोधा. आणि गाडी कुटाराजवळ उभी असेल तर उंदीर वायर कुरतडतात. पंधरा दिवसांनी बॉनेट उघडून पाहावे.

गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली पक्का स्टँड हवा, विटा नकोत. आणि ब्रेक, स्टेअरिंग, टायमिंग बेल्ट ही कामे जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावीत. त्यांचे भाग मात्र तुम्ही स्वतः बिलासह आणून द्या. मजुरी वाचवा, पण भागाच्या दर्जात काटकसर करू नका.

तक्रार आणि गावाची जबाबदारी

एवढे करूनही फसगत झाली तर? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यावर मराठीतही बोलता येते. तेवढ्याने भागले नाही तर वर्ध्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. गाडी स्वतः चालवून तिच्यावर पोट भरणाराही कायद्याने ग्राहकच आहे. पण तिथेही पहिला कागद मागतील तो बिलाचा.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनाही एक विनंती. अवजार बँकेसाठी ऑइल, फिल्टर आणताना गावातल्या गाडी-ट्रॅक्टरवाल्यांची एकत्र यादी करा आणि एकाच बिलावर, चांगल्या दुकानातून माल आणा. दहा जणांचा माल एकदम घेणाऱ्याला कोणी नकली देण्याची हिंमत सहसा करत नाही. आयटीआयमध्ये डिझेल किंवा मोटार मेकॅनिक शिकलेला गावचा मुलगा असेल तर वर्षातून एक दिवस त्याला बोलावून पारावर प्रात्यक्षिक ठेवा. आणि काढलेले काळे ऑइल नालीत किंवा विहिरीजवळ ओतू देऊ नका. ते डब्यात साठवून गॅरेजला द्या. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानात परत करा, तिचे पैसे वजा होतात.

बंधूंनो, जुनी गाडी वापरण्यात कमीपणा काही नाही. ज्याला नवी परवडत नाही त्याने जुनी नीट ठेवावी, यात शहाणपणच आहे. पण ती रात्री दोन वाजता एका हाकेत सुरू झाली पाहिजे, आणि दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचली पाहिजे. माझ्या गाडीत आता नंबर जुळवून घेतलेला पाइप आहे. त्याचे बिल आरसीसोबत एकाच पाकिटात ठेवले आहे. पुढच्या वेळी दुकानदाराने "बिल कायले पायजे?" म्हटले, तर त्याला सांगा, "भाऊ, गाडीत माणसं बसतात, म्हणून पायजे."